ओढणीचा आकडा

काही माणसं एका जागी कधीच राहत नाहीत, हे सिद्ध करण्यात मी माझ्या तरुणपणाची तीन वर्षं घालवली. आणि त्याच माणसांतल्या एका बाईकडून मी तिची वस्तू मागून घेतली आणि तिला बजावलं, "आठ दिवस इथंच थांबा, मी आणून देते."

हा मूर्खपणा मी पन्नास वर्षं कुणाला सांगितला नव्हता. नवऱ्यालासुद्धा नाही. तो बिचारा मला हुशार समजूनच गेला. आता नातवंडं विचारतात, आजी, तू कॉलेजात काय शिकवायचीस? मी म्हणते, इतिहास. ती म्हणतात, म्हणजे लढाया. मी म्हणते, नाही रे, आकडे, टाचण्या, बकलं. मग ती उठून जातात. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते.

तर ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. माझं घर साताऱ्याला. वडील पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आई घर सांभाळणारी आणि वडिलांनाही. मला सांगलीच्या एका कॉलेजात नोकरी लागली, म्हणून मी माधवनगरला खोली घेऊन राहत होते. वय सत्तावीस, लग्न नाही, खांद्याला शबनम पिशवी आणि डोळ्यांना चष्मा. चष्म्याला नंबर नव्हता. साध्या काचेचा होता. प्रबंध लिहिणाऱ्या बाईला चष्मा हवाच, असं माझं मत होतं.

खोली एका जैन कुटुंबाच्या घरामागे होती, दार वेगळं. मालकीणबाई भल्या. कधीमधी वाटीभर आमटी द्यायच्या. पण त्यांच्याकडे जेवणं दिवस मावळायच्या आत होत, आणि मी सांगलीहून परत येईपर्यंत त्यांची भांडी घासून पालथी पडलेली असत. त्यामुळे एका भिंतीच्या पलीकडे आठ माणसं असूनही मी कधी कुणाबरोबर जेवले नाही. गिरणीचा भोंगा झाला की गल्लीतली माणसं कुठे ना कुठे जायला निघत किंवा कुठून तरी परत येत. गिरणीच्या सुट्टीला भोंगा नसे. त्या दिवशी मला वेळ कळत नसे, आणि कळून करायचं तरी काय होतं.

म्हणून प्रबंध. विषय असा, की कपडा अंगावर धरून ठेवणारे जे धातूचे जुने दागिने मातीत सापडतात, टाचणी, आकडा, बक्कल, त्यांवरून कोणते लोक कुठून कुठे गेले ते ओळखायचं. राजा बदलला की नाणं बदलतं, पण बाई पदर कसा अडकवते ते इतक्या सहज बदलत नाही. आईनं शिकवलेलं असतं, हात आपोआप तिथं जातो. ती चालत जाईल तिथं तिचा आकडा जातो. म्हणून एकाच घडणीचा आकडा चार लांबलांबच्या गावी सापडला, तर ती चार गावं म्हणजे कुणाची तरी वाट असू शकते. हे काही मी शोधून काढलेलं नव्हतं. मोठमोठ्या पंडितांचं वाचलं होतं, आणि वाचूनच चष्मा घेतला होता.

त्या वर्षी कवठे महांकाळच्या बाजूला पाझर तलावांची कामं निघाली होती. पाऊस नाही, पीक नाही, म्हणून अख्खी गावं तिथं माती खोदत होती. खोदताना कधी खापरं निघत, कधी मणी. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी जाऊन बघत जा. उद्या पाणी भरलं की सगळं बुडेल." त्यांना पाण्याची फार खात्री होती.

मी एस. टी.नं जायची, पुढे चालत. शेकडो माणसं ओळीनं वाकलेली, डोक्यावर पाट्या, वरून ऊन, आणि मी बांधावरून छत्री घेऊन फिरतेय, कुणाला काही जुनं सापडलंय का विचारत. मला कुणी मारलं नाही, हा त्या माणसांचा मोठेपणा.

माघातल्या एका रविवारी मुकादमानं मला हाक मारली. "बाई, ह्ये बगा. पांढऱ्या राखंच्या थरात गावलं." हिरवा पडलेला काशाचा तुकडा होता, दोन बोटं रुंद. पाठीला वळलेला आकडा, अर्धा मोडलेला. पुढच्या बाजूला झिजलेलं काहीतरी, नीट बघितल्यावर दोन पाखरं दिसली, चोचीला चोच लावलेली. मी तुकडा रुमालात गुंडाळला, रुमाल पिशवीत ठेवला, पिशवी छातीशी धरली आणि पाणी प्यायला सावली शोधत तलावाच्या कडेला गेले.

तिथं घिसाड्यांची पालं पडली होती. एवढ्या कुदळी, पहारी आणि टिकाव रोज बोथट होत होते, त्यांना धार लावायला तीन-चार घरं गाड्या घेऊन आली होती. पहिल्याच पालापुढे एक चाळिशीची बाई घण मारत होती. नवरा सांडशीनं लोखंड धरून बसलेला, सतरा-अठराची मुलगी भात्यावर. बाईनं घण वर उचलला, ओढणी सरकली, आणि मला तिच्या कमरेला दिसला तो. ओढणी घागऱ्याच्या नेफ्यात अडकवायचा आकडा. काशाचा. दोन पाखरं, चोचीला चोच.

मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. बाईनं घण खाली ठेवला.

"काय बगताय बाई? पोट रिकामंच हाय."

"हा आकडा कुणाचा?"

"माझा. माझ्या आयचा."

"आणि आईला कुणी दिला?"

"तिच्या आयनं."

"आणि तिला?"

"बाई, तुमाला आकडा बगायचाय का वंशावळ?"

नवरा खाली मान घालून हसला. मी चष्मा वर सरकवला आणि वही काढली. "तुम्ही मुळात कुठून आलात?"

"जतासनं."

"त्याआधी?"

"सांगोल्यासनं."

"त्याच्याही आधी?"

"मंगळवेढा. त्येच्या आदी आटपाडी."

असं मागं मागं जात आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या उत्तरेकडच्या कुठल्यातरी खिंडीत पोचू, असं मला मनापासून वाटत होतं. दोन गावांनंतर आम्ही परत जतला आलो.

मग मी आकडा मागितला. फक्त आठ दिवसांसाठी. सरांना दाखवते, चित्र काढून घेते, पुढच्या रविवारी हातात आणून देते. बाईचा चेहरा एकदम बंद झाला. तिनं भात्यावरच्या मुलीकडे बघितलं.

"हिचं लगीन हाय. अंदा दुष्काळ, म्होरल्या वैशाखात करायचं ठरलंय. आमच्या घरात पोरगी निगताना आय सोताच्या कमरंचा आकडा काडती आन तिच्या वडनीला लावती. त्येच्याबिगर पोरगी गाडीत बसत न्हाई. माझ्या आयनं मला आसाच लावला. ह्यो गेला तर मी काय लावू?"

"जाणार कसा? मी कॉलेजात शिकवते."

याचा त्या बाईवर काय परिणाम व्हायला हवा होता, हे मला आजही माहीत नाही. तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. धुळीनं भरलेल्या चपला, छत्री, चष्मा.

"एकटीच आलासा?"

"हो."

"संगट कुनी न्हाई?"

"नाही."

"घरी?"

"घरी पण एकटीच."

"भ्या वाटत न्हाई?"

"मला कसली भीती," मी म्हणाले. हे म्हणताना माझा आवाज जरा चिरकला असावा, कारण मुलगी भात्याआडून हसली.

बाईनं पुढे काही विचारलं नाही. कमरेचा आकडा काढला, तळहातावर क्षणभर धरला आणि मला दिला. घागऱ्याच्या नेफ्यात ओढणीचं टोक खोचून वरून सुतळीची गाठ मारली.

"पुढचा रविवार. इथंच थांबा हं," मी म्हणाले.

नवरा म्हणाला, "आमाला थांबायचं ठावं न्हाई, बाई."

"थांबू की," ती त्याला म्हणाली. "येळ लागतो का थांबाय?"

*

सर पुण्याला गेले होते. पुढच्या रविवारी यायचे होते, ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. एस. टी.नं जाऊन "अजून थोडे दिवस द्या" एवढं सांगून येणं काही अवघड नव्हतं. पण मी गेले नाही, आणि का गेले नाही ते सांगायला मला लाज वाटते. मी त्या खोलीत टेबलावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले होते, हिरवा आणि पिवळा, आणि संध्याकाळी आले की कंदिलाची वात वर करून त्यांच्यापुढे बसत होते. पानामागून पानं लिहीत होते. एक लोकसमूह, हजारो मैलांची वाट, आया आणि लेकी, आकडा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर. त्या तीन आठवड्यांत पलीकडची भांडी कधी पालथी पडली मला कळलं नाही. भोंगा ऐकू आला नाही. माधवनगरच्या त्या खोलीत मला एकटं वाटलं नाही असे तेवढेच दिवस. ते संपू नयेत असं मला वाटत होतं.

अखेर सर आले. त्यांनी दोन्ही आकडे खिडकीशी नेले, भिंगातून बघितले, उलटे केले.

"तुमचं म्हणणं काय?"

मी म्हणणं सांगितलं. वीस मिनिटं सांगितलं. सरांनी कोपऱ्यातली छत्री उचलली.

"ही माझी छत्री. तुमची दाखवा. मूठ सारखी आहे?"

"आहे."

"मग आपण एका वंशातले?" त्यांनी छत्री जागेवर ठेवली. "अहो, दोन पाखरं कुणीही काढतं. पोळीवर आमची धाकटी काढते. नुसतं सारखं दिसून भागत नाही, मधले टप्पे कुठायत? हा राखेतला तुकडा चांगला आहे, त्याची नीट नोंद करू. हा दुसरा शंभर-सव्वाशे वर्षांचा असेल. कुणाचा आहे?"

"एका घिसाडी बाईचा."

"परत कधी द्यायचाय?"

मी तो आकडा उचलून रुमालात गुंडाळायला लागले. सर खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनी मला एखादं वाकडं वाक्य ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी मागून मी गेले. सांगितल्यापासून तेविसावा दिवस होता. एस. टी.तून उतरून चालायला लागले तेव्हाच काहीतरी चुकतंय असं वाटलं, कारण आवाज नव्हता. एरवी अर्ध्या मैलावरून कुदळींचा आवाज यायचा. तलावावर कुणी नव्हतं. खाली खडक लागला म्हणून काम बंद झालं होतं, माणसं दुसऱ्या कामावर पाठवली होती. उरलेल्या सामानाशी एक म्हातारा राखणदार बसला होता.

"घिसाडी कुठं गेले?"

"ती व्हय? बाकीच्या गाड्या जाऊन पंदरा दिस झालं. येकच घर बसलं हुतं. म्या म्हनलं, हत्यारं न्हाईत, मानसं न्हाईत, आता काय दगडाला धार लावतासा? तर ती बाय म्हन, येक बाई येनार हाय. कामावर खायला सुकडी मिळत हुती तीबी बंद झाली. तरी बसली. काल सकाळच्याला गेली."

"कुठे?"

म्हाताऱ्यानं हात उचलला आणि अर्ध्या क्षितिजावरून फिरवला. "आसं."

पालाच्या जागी तीन दगड होते, थोडी राख होती, ऐरणीचा खड्डा होता. आणि मी काय केलं असेल? सवयीनं वही काढली आणि लिहिलं. चूल, तीन दगड. राख गार. वस्ती एका कुटुंबाची. हे लिहून झाल्यावर मी त्यातल्याच एका दगडावर बसले आणि रडले. चष्मा काढून पिशवीत ठेवला, तो तिथं उगाच मध्ये येत होता. म्हाताऱ्याला काय करावं कळेना. त्यानं लांबूनच तांब्या पुढे केला आणि तोंड फिरवून बसला.

आकडा हरवला नव्हता, माझ्या पिशवीतच होता. मला रडू आलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तोवर कुणी कधी माझी वाट बघितली नव्हती. आई बघायची, पण ती पत्राची. इथं एक बाई, जिला मी एकदा भेटले होते, सगळ्या गाड्या गेल्यावर उघड्या माळावर पंधरा दिवस माझी वाट बघत बसली होती, आणि तेव्हा मी खोलीत बसून ती माणसं थांबत नाहीत यावर लिहीत होते.

*

पुढच्या वैशाखापर्यंत वर्षाहून थोडा जास्त वेळ होता. सुट्टी मिळाली की मी निघायची. जतचा बाजार, आटपाडीचा बाजार, विटा, मार्गशीर्षात पुसेगावची जत्रा, पौषात खरसुंडीची. जिथं बैल, तिथं गाड्या, जिथं गाड्या, तिथं लोखंड, असा माझा हिशेब. घिसाड्यांची पालं दिसली की जायची आणि विचारायची, कमरेला सुतळी बांधलेली बाई बघितली का? पहिले काही महिने कुणी धड उत्तर दिलं नाही. चष्मा, पिशवी, वही बघून त्यांना मी सरकारी वाटत असणार. सगळे मला वाट दाखवायचे आणि प्रत्येकाची वाट वेगळी. मग मी वही घरी ठेवायला लागले. नंतर चष्माही.

आकडा पिशवीत ठेवायची भीती वाटायची. जत्रेत पिशवी कुणी मारली तर? म्हणून तो मी लुगड्याच्या आत कमरेला लावायला सुरुवात केली. चालताना टोचायचा, पण टोचला की आहे हे कळायचं. एकदा खरसुंडीच्या गर्दीत बैल बिथरले, पळापळ झाली आणि मी एका दुकानाच्या फळीखाली जाऊन पडले. तिथं पडल्या पडल्या माझ्या मनात आलं, की आत्ता इथं मेले आणि हजार वर्षांनी कुणी खणून काढलं, तर ते लिहितील, ही बाई घिसाडी होती, आटपाडीहून आली होती. आणि कुणा शहाणीला त्यावर प्रबंध करता येईल.

या वर्षात एक झालं. पुस्तकात 'एक आकडा, तुटका' असं वाचलं की आधी मला लोकांची वाट दिसायची. आता मला एक वाकलेली बाई दिसायला लागली. मातीत सापडलेली प्रत्येक वस्तू आधी कुणीतरी हरवलेली असते. ज्या संध्याकाळी हरवली त्या संध्याकाळी ती बाई चार पावलं मागे गेली असेल, पायानं पाचोळा बाजूला केला असेल, पुढून कुणीतरी ओरडलं असेल, चल आता. याची नोंद कुठं नसते. असल्या विचारांनी प्रबंध होत नाहीत. माझाही झाला नाही. नंतर झाला तो नाण्यांवर. नाण्यांचं तसं बरं असतं.

पुसेगावला एका म्हाताऱ्या घिसाड्यानं मला लांबूनच विचारलं, "तूच का ती आकडावाली बाई?"

मी म्हणाले, "हो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"समद्यांस्नी ठावं हाय. तू आमच्यापरीस जास्ती हिंडतीस."

"मग ती बाई कुठंय?"

"आता कुटं आसंल," तो म्हणाला, "आमची मानसं थांबत्यात व्हय?"

*

वैशाख लागला तेव्हा मी हरलेली होते. परीक्षा संपल्या, कॉलेजला सुट्टी पडली, आणि मी साताऱ्याला घरी गेले. आकडा कमरेला होताच. घरात कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. आईला एवढंच दिसत होतं की मुलगी वाळली आहे आणि चष्मा लावत नाही.

"नंबर गेला व्हय तुझा?" तिनं विचारलं.

"गेला."

"मंग चांगलंच झालं. पावनं बगायला आलं की चष्मा आडवा यायचा."

लोणच्याच्या कैऱ्या आल्या होत्या. आई मसाला भाजत होती, मी विळी घेऊन बसले. पहिलीच कैरी ठेवली आणि विळी कैरीतून माझ्या बोटात गेली.

"आगं बोट, बोट," आई म्हणाली. "सांगायचंच राहिलं. नवी धार हाय तिला."

वडील वर्तमानपत्रातून म्हणाले, "पहिले पट्टी. बातचीत बाद में."

"ही विळी एवढी कधीपासून कापायला लागली?" मी बोट तोंडात धरून विचारलं.

"त्ये घिसाडी बसल्यात की गोडोलीच्या तळ्याकडं, म्हैना झाला. त्यांच्याकडनं लावून आनली. बाय लय तोंडाळ. मी म्हनलं, धार नीट लाव बाई. तर म्हनती कशी, तुमच्या सासूच्या जिबंवानी लावू का?" आईला हे आवडलेलं दिसलं. "अंगावर वडनी चांगली, आन कमरंला आपली सुतळी. मी म्हनलं, आगं, एक पिन तरी लाव, माझ्याकडची देते. तर म्हनाली, नगं, माझी वस्तू यायची हाय."

मी उठले. आईच्या चपला पायात सरकवल्या, त्या मला दोन बोटं मोठ्या, आणि बोटाला फडकं गुंडाळलेली अशी मी गोडोलीपर्यंत जवळजवळ पळत गेले. वर्षभर सगळे बाजार पालथे घातले होते, आणि ती माझ्या आईच्या स्वयंपाकघरापासून पाऊण मैलावर बसली होती. मागून वडिलांनी विचारलेलं ऐकू आलं, "आता ही कुठल्या मोर्च्यावर?"

तळ्याच्या कडेला सात-आठ पालं होती. त्यातल्या एका पालावर आंब्याचे डहाळे बांधले होते. ती बाहेरच बसली होती, परातीत हळद कालवत. मला बघून उठली नाही. मी जणू कोपऱ्यावरून पाणी भरून आले होते, अशा आवाजात म्हणाली,

"आलीस?"

मी पदराआड हात घालून आकडा काढला आणि पुढे केला. तिनं हळदीचा हात ओढणीला पुसला आणि तो घेतला. उन्हात धरला. एका पाखराच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. मग कमरेची सुतळी सोडली, बाजूला टाकली आणि आकडा लावला. तिचा हात आपोआप तिथं गेला, बघावं लागलं नाही.

"चार दिस माझा," ती म्हणाली. "मंग तिचा."

मुलगी पालातून बाहेर आली. तिच्या गालाला हळद होती. तिनं आईच्या कमरेकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

बाईच्या नवऱ्यानं माझ्यापुढे गोणपाट टाकलं. चहा आला, गुळाचा, पितळीत. मी माफी मागायला लागले आणि मागतच राहिले. सर पुण्याला होते इथपासून सगळं सांगितलं. छत्रीचं सांगितलं. कुठं कुठं शोधलं तेही सांगितलं, जत, आटपाडी, विटा, पुसेगाव. प्रत्येक गावाच्या नावाला ती दोघं एकमेकांकडे बघून हसत होती.

"जतला आमी पोळ्याला हुतो," नवरा म्हणाला. "तू?"

"दसऱ्याला."

"आटपाडीला आमी दसऱ्याला."

"मी दिवाळीला."

"आमच्या मागनंच हिंडलीस की गं," बाई म्हणाली. "च्या पी. गार झाला."

मी चहा प्यायले. उन्हं तळ्यावरून खाली सरकली होती. पलीकडच्या पालात कुणीतरी भाकरी थापत होतं, आणि मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं. शेवटी मला वर्षभर छळणारं होतं ते विचारून टाकलं. त्या माळावर काम बंद पडलं, गाड्या गेल्या, सुकडी बंद झाली. आठव्या दिवशी मी आले नाही, तेव्हाच तुम्हाला कळायला हवं होतं की मी येत नाही. मग पुढे इतके दिवस उपाशी का बसलात? एका आकड्यासाठी?

तिनं हळदीची परात पुन्हा पुढ्यात ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आकड्यासाठी आट दिस थांबलो, बोली तेवढीच हुती. म्होरं थांबलो त्ये तुझ्यासाठी. एकटीच आली हुतीस, एकटीच परत आली असतीस, आन कुनी दिसलं न्हाई तर तितंच दगडावर रडत बसली असतीस."